चेंपकमच्या सीटवर दुसरा

"बसलीस म्हणजे नेमकी कुठं बसलीस?"

"बसमध्ये. लोक बसतात तशी."

"पुढं का मागं?"

"बायका पुढंच बसतात, चेट्टा. जन्म बस चालवण्यात गेला तुमचा, आणि हे मी सांगू?"

"म्हणजे त्याच्या शेजारी."

"त्याच्या शेजारी इंजिन असतं. इंजिनाच्या शेजारी मी."

"त्या आडव्या सीटवरून ड्रायव्हरचं तोंड दिसतं."

"दिसतं. बरं आहे."

हे शेवटचं रेमणीनं नवऱ्याला बोलायला नको होतं. कुंपणाच्या अलीकडं मी कपडे वाळत घालत होते, ती ओला टॉवेल हातात धरून तशीच थांबले. ऊरकमात आमच्या आळीला भिंती कमी आणि कुंपणं जास्त, त्यात सुगुणनचा आवाज इंजिनावरून बोलून बोलून मोठा झालेला. त्या घरातलं भांडण ऐकायला कान द्यावा लागत नाही, न ऐकायचं असेल तर आत जावं लागतं.

आतून ताटली सरकवल्याचा आवाज आला. म्हणजे न्याहारीचा पुट्टू तसाच राहिला. मग सुगुणननं विचारलं, कधीपासून चाललंय हे? रेमणी म्हणाली, ओणमची सुट्टी संपल्यापासून. रोज? रोज. जाताना? जाताना आणि येताना, आणि आता हात धुवा, मला उशीर होतोय.

यावर त्यानं ओरडायला हवं होतं. मी वाटच बघत होते. पण तो ओरडला नाही. पायरीवर येऊन उभा राहिला, मुंडू गुडघ्यावर दुमडलेला, आणि चेहरा असा की घरात कुणी गेल्याचा फोन आलाय. अनवाणीच फाटकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. बायको दुसऱ्याच्या बसमध्ये बसली म्हणून माणूस जळतो, लाल होतो. हा पांढराफटक पडला होता. कशानं, ते मला संध्याकाळी कळलं.

सुगुणनचा बाप माडी काढायला झाडांवर चढायचा. थोरल्या पोराला, म्हणजे सुगुणनलाही, त्यानं कमरेला कोयता बांधून माडाला लावलं, पण पोराला अर्ध्या उंचीवरच घेरी यायची. बाप खालून म्हणाला, "मग जमिनीवरच मर." सुगुणननं ते फारच मनावर घेतलं. लॉरीची चाकं धुण्यापासून सुरुवात केली, झोपलेल्या ड्रायव्हरच्या जागी बसून गाडी शिकला, आणि पोरिंचू मुतलाळीनं 'चेंपकम' नावाची नवी बस इरिंजालकुडा ते त्रिशूर रस्त्यावर आणली तेव्हा तिच्या सीटवर पहिला बसला तो हाच. मुतलाळी म्हणजे मालक, पण चेंपकमचा मालक कोण असं ऊरकमात विचारलं असतं तर शाळेतल्या पोरांनी सुगुणनकडं बोट दाखवलं असतं. पोरं त्याला मिन्नल म्हणायची. वीज.

आमच्या रस्त्यावर बसच्या मागंपुढं बस असते, मध्ये दोन-चार मिनिटांचं अंतर, आणि थांब्यावर जो आधी पोचेल त्याची माणसं. पुढच्या बसला गाठायचं, मागच्याला येऊ द्यायचं नाही, एवढंच शास्त्र. सुगुणन त्यात पंडित होता. चेर्पच्या बाजारात, जिथं सायकलवाला उतरून चालतो, तिथून तो बस काढायचा आणि एक हात खिडकीबाहेर मोकळा. मागच्या सीटवरची कॉलेजची पोरं शिट्ट्या मारायची. पुढच्या बायका देवाचं नाव घ्यायच्या.

त्या बायकांत रेमणी कधीच नव्हती. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं तिला पुढं बसवलं आणि काय करून दाखवू न् काय नको असं चालवलं. चेर्पला ती उतरली, रस्त्याच्या कडेला ओकली, आणि तिथूनच मावशीकडं चालत गेली. त्यानंतर त्रिशूरच्या कापडदुकानात नोकरी लागली, मुलगी झाली, मुलगी लग्न होऊन गेली, तरी रेमणी सरकारी लाल बसनंच जायची. ती बस येईल तेव्हा येते. थांब्यावर आम्ही तिची चेष्टा करायचो, की चेंपकम तुझी सवत आहे, सवतीच्या मांडीवर कोण बसेल? ती हसायची. मी पुष्कळदा तिच्याबरोबर लाल बसमध्ये असायचे. मागून चेंपकमचा हॉर्न आला की रेमणी वाक्य अर्धं टाकायची, आणि बस बाजूनं निघून गेली की उरलेलं पुरं करायची. मला वाटायचं, रागानं.

सुगुणनचं लायसन्स पहिल्यांदा गेलं तेव्हा महिन्याभरासाठी गेलं. तेव्हा अय्यप्पाच्या यात्रेचा मोसम होता. सुगुणननं दाढी वाढवली, काळं मुंडू नेसलं, गळ्यात माळ घातली, आणि सस्पेन्शन सगळंच्या सगळं व्रतात खपवलं. लोक पाया पडायचे. या वेळी मात्र कुठलाच मोसम नव्हता. ऊरकम आणि त्रिशूरच्या मधल्या पुलाच्या उतारावर त्यानं पुढं धावणाऱ्या शंसूच्या बसला ओलांडताना समोरून येणारी रिक्षा कठड्यावर गेली. कुणाला लागलं नाही, पण मागच्या गाडीतल्या कुणीतरी सगळं फोनमध्ये घेतलं आणि दुपारपर्यंत ते जिल्ह्यानं पाहिलं. मोटार वाहनवाल्या साहेबांनी जुने गुन्हे काढले, ते बरेच निघाले. तीन महिने सस्पेंड, वर ड्रायव्हरांच्या वर्गात हजेरी. आणि तोंडी सांगितलं, की पुन्हा समोर दिसलास तर लायसन्स रद्द, मग सायकल चालव.

वर्गात सुगुणन झोपायचा. घरी आला की मात्र झोप नाही.

कारण चालकुडीहून मुतलाळीनं बदली ड्रायव्हर आणला होता. जिन्सन नावाचा, केसाला तेल, दाढी नाही, शर्टाची वरची बटणंही लावणारा. आमच्याकडं रीत अशी, की बदलीवर येणारा मूळ ड्रायव्हरच्या घरी जातो, केळी नेतो आणि गाडीच्या खोडी विचारतो. प्रत्येक बसला खोडी असतात, त्या सीटवरच्यालाच ठाऊक. त्या विचारायच्या आणि त्यानं सांगायच्या. सांगताना हातचं राखायचं नाही, भांडण असलं तरी नाही. जिन्सन नेन्द्र केळ्यांचा घड घेऊन आला, पायरीवर उभा राहिला आणि उस्तादाला म्हणावं तसं म्हणाला, "आशान, थोडे दिवस तुमची गाडी माझ्या हातात. तिचं काय काय असेल ते सांगा."

सुगुणननं त्याला बसवलं, चहा दिला. तिसरा गिअर थंडीत अडतो. पावसात उजवा आरसा वाफ धरतो. बेलची दोरी मधूनच अडकते, कंडक्टरच्या हाकेकडं कान ठेव. सगळं सांगितलं. जिन्सननं मान हलवत ऐकलं, सीटच्या पाया पडावं तसा त्याच्या हाताला हात लावला, आणि गेला. मला तेव्हा सुगुणन थोर वाटला होता.

मग त्याचे रिकामे दिवस सुरू झाले. सकाळी रेमणी कामाला गेली की तो दाढी करायचा, खाकी शर्ट चढवायचा आणि थांब्यासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचा. चेंपकम आली की चहा थांबायचा. बस कशी वळते, कुठं गिअर पडतो, थांबताना पुढं किती झुकते, हे सगळं तो अशा नजरेनं बघायचा की टपरीवाला एकदा म्हणाला, "आशान, सोडून गेलेल्या बाईकडं असं बघू नये, लोक बोलतात." त्याला वाटत होतं, आठवड्यात मुतलाळी फोन करेल. यापूर्वी दोनदा बदलीवाले आले होते, त्याच्या मुलीच्या लग्नात एक आणि व्रतात एक, दोघंही चार दिवसांत गाडी नको म्हणून किल्ली टाकून गेले होते. ही बाई दुसऱ्याच्या हाताला लागत नाही, असं तो मिशीत हसून सांगायचा.

पण फोन आला नाही. जिन्सन टिकला. आणि नुसता टिकला नाही. बस थांब्यावर उभी राहायला लागली, म्हणजे खरोखर उभी. म्हातारीचा दुसरा पाय आत येईपर्यंत उभी. शंसू मागून हॉर्न वाजवत आला की जिन्सन खिडकीतून हात काढून त्याला पुढं जा म्हणायचा, आणि शंसूच गोंधळायचा. बायकांची बाजू भरायला लागली. कॉलेजची पोरं दुसऱ्या बसला गेली, पण त्यांच्या जागी पोरं कडेवर घेतलेल्या आया आल्या, नर्सा आल्या. मीही गेले.

हे सगळं कोणीतरी सुगुणनला रोज सांगायचंच. तो म्हणायचा, बायकी ड्रायव्हिंग आहे ते. म्हणायचा, सगळेच ब्रेक दाबत चालवायला लागले तर ब्रेकला काय वाटत असेल. एकदा मला थांबवून विचारलं, "तो आरशात बघतो का गं? बायकांकडं?" मी म्हटलं, "नाही हो, रस्त्याकडं बघतो." हे त्याला जास्त लागलं.

त्यातच एका सकाळी लाल बस आलीच नाही आणि रेमणी पावसात उभी होती. चेंपकम तिच्यापुढं थांबली. जिन्सन ओळखत होता, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "चेच्ची, चढा." ती चढली. इंजिनाशेजारच्या आडव्या सीटवर बसली, दोन्ही हातांनी दांडी धरून, जबडा घट्ट. पालक्कल येईस्तोवर तिचा हात सुटला. त्रिशूरला मी तिला हलवून उठवलं. रेमणीला झोप लागली होती. खाली उतरल्यावर ती मला म्हणाली, "या बसमध्ये झोप येते, हे मला ठाऊकच नव्हतं." त्यानंतर ती रोज त्याच सीटवर. घरी तिनं सांगितलं नव्हतं. सांगितलं ते त्या सकाळी, टपरीवाल्यानं आधीच सांगून झाल्यावर.

तर, त्या सकाळी सुगुणन पांढरा पडला होता.

रेमणी गेली. तो थोड्या वेळानं शर्ट घालून निघाला आणि, हे मी डोळ्यांनी पाहिलं, लाल बसमध्ये चढला. त्रिशूरच्या शक्तन स्टँडवर जिन्सन दुपारचा डबा खात बसला होता. पुढचं मला कंडक्टर प्रदोषनं सांगितलं, तो शेजारीच माशाचे काटे काढत होता.

सुगुणन म्हणे आधी नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, एक खोड सांगायची राहिली. पुलाच्या उतारावर बायकांची बाजू भरलेली असेल आणि एकदम ब्रेक लावला तर गाडी डावीकडं ओढते. जोरात. आधी हलका पाय लावायचा, सोडायचा, मग दाबायचं, आणि स्टिअरिंग थोडं उजवीकडं धरून ठेवायचं. डावीकडं कठडा आहे आणि खाली नदी. तेवढं सांभाळ.

जिन्सननं घास गिळला. म्हणाला, "ते होय. ते मला पहिल्याच दिवशी कळलं, आशान. संध्याकाळी मेस्त्रीकडं नेली. डाव्या चाकाचा ब्रेक जास्त कसलेला होता, त्यानं सैल केला. चहा पिऊन होईस्तोवर झालं. आता काही नाही, मऊ आहे अगदी."

"केलं? दुरुस्त?"

"हो. एवढ्यासाठी उन्हाचे आलात? फोन करायचा ना."

प्रदोष म्हणतो, सुगुणन तसाच वळला. त्यानं बसच्या पुढच्या चाकाशी जाऊन टायरवर हात ठेवला. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून सीटकडं बघितलं. पाठीवर जिन्सनचा टॉवेल होता. तो त्यानं उचलला नाही. प्रदोषला विचारलं, तिसरा गिअर? प्रदोष म्हणाला, तोही केला, आशान. आरसाही. खोड म्हणून काही राहिलीच नाही बघा गाडीला. सुगुणन म्हणाला, "मग ती चेंपकम कसली." आणि लाल बसच्या फलाटाकडं निघून गेला.

हे इथंच मिटलं असतं. पण संध्याकाळच्या फेरीला रेमणी तिच्या सीटवर, मी तिच्यामागं. पूल यायच्या थोडं आधी जिन्सन कौतुकानं म्हणाला, "चेच्ची, आशानचं मन मोठं. ब्रेकचं सांगायला भर उन्हात त्रिशूरला आले होते. मी म्हटलं, ते तर मी केव्हाच करून घेतलं."

"कसलं ब्रेकचं?" रेमणीनं विचारलं.

त्यानं सांगितलं. साधेपणानं, सगळं. गाडी ओढायची कशी, कुठं, डावीकडं काय आहे. पूल आला, त्यानं ब्रेक लावला, बस सरळ उतरली. रेमणी खिडकीतून डावीकडं बघत राहिली. त्या संध्याकाळी तिला झोप लागली नाही.

आणि मग कुंपणापलीकडून आवाज आले, हळू. मी आत गेले नाही.

रेमणीनं विचारलं, ठाऊक होतं तुम्हाला? सुगुणन आधी फिरवाफिरव करत होता. गाडीचे नखरे असतात, ड्रायव्हरनं ते सांभाळायचे असतात, तो सांभाळत होता ना इतकी वर्षं. मेस्त्रीकडं का नेली नाही? नेली असती तर कुणीही चालवली असती, म्हणाला. मुतलाळीचा पुतण्यासुद्धा टपून बसला होता. त्या ओढीनंच माझी सीट राखली. दोघं बदलीवाले कशानं पळाले असं तुला वाटतं?

"आणि या पोराला सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं."

"केळी खाल्लीत त्याची."

"तो घाबरून किल्ली टाकेल असं वाटलं. बाकी काही नाही. एकदा घाबरला असता, की झालं. आणि रेमणी, तू त्यात बसतेस हे मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ नव्हतं. कळल्याबरोबर पळत गेलो ना? तुझ्यासाठी गेलो."

मग रेमणी म्हणाली, "मी नसते बसले, तर गेला नसतात."



तिनं चेंपकममध्ये बसणं सोडलं नाही. सुगुणननंही पुन्हा त्याबद्दल तोंड उघडलं नाही. टपरीवर जाणं मात्र बंद केलं. घरामागं जाऊन नारळ सोलायचा, विहिरीची कप्पी दुरुस्त करायचा, आणि बस यायच्या वेळेला हातातलं काम थांबायचं. जिन्सनच्या हाताखाली गाडीचा आवाज बदलला होता, असं तो एकदा मला म्हणाला. पूर्वी ती घसा खरवडून बोलायची. आता गुणगुणते. "माझ्याकडं असताना कधी गुणगुणली नाही," म्हणाला, आणि नारळ फोडला.

सस्पेन्शन संपत आलं तेव्हा पोरिंचू मुतलाळी स्वतः घरी आला. म्हातारा माणूस, पांढरी लुंगी, मांडीवर थाप मारत बोलणारा. म्हणाला, शब्द दिला होता, सीट तुझीच आहे. जिन्सनला नवी बस देतोय, त्याच्या हाताला यश आहे. तू सोमवारपासून चेंपकमवर ये. सुगुणनचे डोळे भरून आले. मग मुतलाळी उठता उठता म्हणाला, "एकच. पुढची बाजू मला रिकामी नको, सुगुणा. बायका राहतील ना? बाकीच्यांचं जाऊ दे, तुझी घरची तरी बसते का, तेवढं बघ." आणि हसला. तो गेल्यावर सुगुणन हसला नाही.

सोमवारी सकाळी त्यानं खाकी शर्ट घातला, खिशात लायसन्स. इरिंजालकुडाला जाऊन गाडी घ्यायची होती, ती घेऊन ऊरकमवरून जायचं होतं. जिन्सनही त्याच सकाळी मुतलाळीची नवी बस काढणार होता, चेंपकमच्या मागोमाग, दोन-चार मिनिटांच्या अंतरानं. हे मुतलाळीनं मुद्दाम केलं का नकळत, देव जाणे.

रेमणी डबा भरत होती. मी कुंपणापाशी जास्वंदीला पाणी घालत होते, आणि झाड केव्हाच भिजलं होतं.

"हळू चालवीन," सुगुणन म्हणाला.

रेमणीनं डब्याचं झाकण लावलं.

"शंसूला पुढं जाऊ देईन. सगळ्यांना जाऊ देईन. शाळेच्या पोरांनी दगड मारले तरी." मग म्हणाला, मेस्त्रीला काल विचारून आलो, ब्रेक तसाच आहे, सरळ. मी हात लावलेला नाही.

ती आत गेली, केस बांधून आली.

"त्या पोराच्या गाडीत येते तशी झोप येईल असं नाही म्हणत मी. ते मला जमेल का ठाऊक नाही. पण मला आरशात बघायचंय, रेमणी, आणि तू तिथं दिसायला हवीस." त्याचा आवाज फाटला, आणि मग तो जुना, मोठा, इंजिनावरचा आवाज वर आला. "त्याची बस माझ्या मागंच आहे. मला खरं सांग. माझ्यात चढशील, का मी गेल्यावर त्याच्यात?"

रेमणीनं डबा पिशवीत ठेवला, चपला घातल्या. छत्री दाराच्या मागं होती, ती घेतली. त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, त्याकडं तिनं क्षणभर बघितलं, हात पुढं केला नाही. पायऱ्या उतरली, फाटक ओढून घेतलं, आणि दोन्ही बस यायला अजून वेळ होता तरी थांब्याच्या दिशेनं चालू लागली.